पुढचा नंबर

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री आमच्या बिलोलीच्या घरात बारा वाजून गेले तरी कुणी झोपलं नव्हतं. पावसामुळे फायनल दोन तास उशिरा सुरू झाली होती. शेवटचा झेल हरमनप्रीतने घेतला आणि घरात जो काय गलका झाला त्याने शेजारचे जागे झाले असते, पण ते आधीच जागे होते. थोड्या वेळाने टीव्हीवर दिसलं, हरमनप्रीत एका टोपीवाल्या माणसाच्या पाया पडली आणि मग त्याच्या गळ्यात पडली. माझ्या पुतणीने विचारलं, "हे कोण?"

"कोच. अमोल मुजुमदार," दादा म्हणाला.

"कोणत्या वर्ल्डकपला खेळले हे?"

"कोणत्याच नाही. इंडियाकडूनच खेळला नाही तो."

"मग त्यांना कोच कामून केलं?"

दादा काही बोलला नाही. प्रश्न वाजवी होता आणि उत्तर लांबलचक होतं. रात्री एक वाजता एवढं लांबलचक कोण सांगणार? म्हणून मी इथे सांगायचा प्रयत्न करतो.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. आमच्या लहानपणी पेपर नांदेडहून एसटीने यायचा. जगात काल जे झालं ते आम्हाला दुपारची जेवणं झाल्यावर कळायचं. पेपर आला की दादा खेळाचं पान वेगळं काढून घेऊन ओसरीवर बसायचा. मोठ्या बातम्या तो वाचायचाच नाही, त्याला तळातले रणजीचे धावफलक हवे असत. इतक्या बारीक टाइपात की आजोबा म्हणायचे, डोळे जातील तुझे. १९९३-९४ च्या हंगामात त्याच बारीक टाइपात त्याला एक आकडा सापडला. मुंबई विरुद्ध हरियाणा, अमोल मुजुमदार २६०. पहिलाच रणजी सामना, वय १९. प्रथम श्रेणीच्या पदार्पणात एवढ्या धावा तोवर जगात कुणीच केल्या नव्हत्या. दादाने तो कागद कापून वहीत चिकटवला. त्या दिवसापासून अमोल मुजुमदार 'आमचा' झाला.

आता तुम्ही म्हणाल, मुंबईचा खेळाडू बिलोलीकरांचा कसा? बरोबर आहे. महाराष्ट्रात रणजीचे संघ तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. नांदेड जिल्हा महाराष्ट्र संघाच्या हद्दीत येतो. पण 'आमचा' कोण हे कुठली संघटना ठरवत नाही.

कहाणी अर्थात १९९४ च्याही आधी सुरू होते. फेब्रुवारी १९८८, मुंबईचं आझाद मैदान, हॅरिस शील्डची सेमीफायनल. शारदाश्रम विद्यामंदिर विरुद्ध सेंट झेवियर्स. तिसऱ्या विकेटसाठी सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी नाबाद ६६४ धावा जोडल्या. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. ही गोष्ट लहान पोरांनाही पाठ आहे. त्या भागीदारीत पुढचा नंबर अमोल मुजुमदारचा होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. वय १३. पॅड बांधून, बॅट मांडीवर घेऊन तो बसला होता. दोन दिवस. विकेट पडलीच नाही. संघाने २ बाद ७४८ वर डाव घोषित केला आणि पोराने पॅड सोडले.

पुढे त्याच्या बाबतीत जे घडलं त्यावरून लोकांना हा प्रसंग म्हणजे एखादी भविष्यवाणीच वाटते. मला तसं म्हणायचं नाही. तेरा वर्षांच्या पोराला भविष्यबिविष्य काय ठाऊक? त्याला फक्त बॅटिंग पाहिजे असते.

२६० नंतर सगळं सरळ चाललं होतं. १९ वर्षांखालच्या भारतीय संघाचा तो उपकर्णधार होता. भारत 'अ' संघात द्रविड-गांगुलींच्या बरोबरीने खेळला. पुढचा सचिन म्हणून त्याच्याकडे बोट दाखवलं जायचं. मग १९९६ चा जून उजाडला. लॉर्ड्सवर गांगुली आणि द्रविड एकाच कसोटीत आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात अहमदाबादला लक्ष्मण आला. सचिन १९८९ पासून होताच. या चौघांच्या कसोट्या मोजा : सचिन २००, द्रविड १६४, लक्ष्मण १३४, गांगुली ११३. गांगुली २००८ मध्ये थांबला, द्रविड आणि लक्ष्मण २०१२ मध्ये, सचिन २०१३ मध्ये. म्हणजे अमोल वयाच्या २१ व्या वर्षी पॅड बांधून बसला आणि विकेट पडेपर्यंत तो ३८-३९ वर्षांचा झाला होता.

हे कारण सगळे सांगतात आणि ते खोटं नाही. पण पुरतं खरंही नाही. मधल्या काळात कुणी जखमी झाला, कुणाचा फॉर्म गेला, तेव्हा जागा रिकाम्या झाल्या होत्या. पुण्याचा हृषीकेश कानिटकर दोन कसोट्या खेळला. तमिळनाडूचा बद्रिनाथ २०१० मध्ये दोन खेळला. यांना मिळाल्या याबद्दल तक्रार नाही, त्यांनीही घाम गाळला होता. पण एक कसोटी, एखादी वनडे, निदान एकदा ती निळी टोपी? अमोलला तेवढंही मिळालं नाही. नेमकं का, याचं समाधानकारक उत्तर मी आजवर कुठे वाचलेलं नाही. निवड समितीच्या खोलीत काय बोललं जातं ते धावफलकात छापून येत नाही.

दादाला हे जरा जास्तच लागायचं, त्याला कारण होतं. ऐन विशीत तो नांदेडला जिल्ह्याच्या संघात निवडला गेला होता. दोन दिवसांचा सामना. दोन्ही दिवस तो बाहेर बसला, पाण्याच्या बाटल्या नेल्या-आणल्या आणि शेवटच्या एसटीने परत आला. पुन्हा बोलावणं आलं नाही. आम्ही विचारलं तर म्हणाला, "पिच चांगलं होतं." बस, एवढंच.

दादाची कथा इथेच थांबते, अमोलची थांबली नाही. मला आज या माणसाच्या त्याच मधल्या वीस वर्षांविषयी जास्त कुतूहल वाटतं. २००२ च्या सुमारास त्यानेही बॅट ठेवून द्यायचं जवळपास ठरवलं होतं. वडिलांनी समजावलं, तुझ्यात अजून क्रिकेट शिल्लक आहे. मग तो खेळत राहिला. एकूण प्रथम श्रेणीचे १७१ सामने, ११,१६७ धावा, ३० शतकं, सरासरी ४८ च्या वर. रणजीत सर्वाधिक धावांचा विक्रमही काही काळ त्याच्याच नावावर होता, पुढे तो वसीम जाफरने मोडला. रणजी म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांना या आकड्यांचं वजन कळणार नाही. रिकामी स्टेडियमं, सकाळचं दव, चार दिवस उन्हात उभं राहायचं, आणि शंभर धावा काढल्या तरी दुसऱ्या दिवशी पेपरात अर्धी ओळ. तीही बिलोलीत दुपारी पोहोचणार!

२००६-०७ चा हंगाम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. अमोल मुंबईचा कर्णधार होता. पहिल्या तीन सामन्यांत मुंबई हरली. मुंबई! ज्या संघाने तोवर ३६ वेळा रणजी जिंकली होती तो संघ तक्त्याच्या तळाशी. तिथून वर येत ते सेमीफायनलला पोहोचले. बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात फलकावर शून्य धावा असताना पाच गडी बाद झाले. शून्याला पाच! तरी तो सामना मुंबईने काढला आणि मग वानखेडेवर बंगालला हरवून ३७ वी रणजी घेतली. मला वाटतं, अमोलमधला कोच त्या हंगामात तयार झाला. तीन हरल्यानंतर ड्रेसिंग रूममध्ये काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही, हे पुस्तकात नसतं.

२००९ मध्ये तो मुंबई सोडून आसामकडे गेला, नंतर आंध्रकडे. आंध्रकडे गेला तेव्हा मी दादाला म्हणालो, बघ, आला की आपल्या शेजारी. (बिलोलीच्या पलीकडे तेव्हा अजून आंध्र प्रदेशच होता, तेलंगण २०१४ मध्ये झालं.) दादाने लगेच दुरुस्ती केली : पलीकडचं बोधन-निजामाबाद हैदराबाद संघात येतं, आंध्रचा संघ वेगळा. अशा बाबतीत त्याच्याशी वाद घालू नये. २०१४ मध्ये अमोलने निवृत्ती घेतली. वय जवळपास चाळीस.

अशी माणसं आपल्याकडे आणखीही झाली. मुंबईचे पद्माकर शिवलकर, प्रथम श्रेणीत ५८९ बळी. हरियाणाचे राजिंदर गोयल, रणजीत ६३७ बळी, तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. दोघेही डावखुरे फिरकी गोलंदाज, दोघांच्याही पुढे बिशनसिंग बेदी उभे होते, आणि दोघेही भारताकडून एकही कसोटी खेळले नाहीत. शिवलकर मार्च २०२५ मध्ये गेले. अशा माणसांचं कौतुक करताना आपण फार गोड बोलतो. "नशीब नव्हतं" म्हणतो आणि मोकळे होतो.

आता पुतणीच्या प्रश्नाकडे येतो. जो स्वतः वरपर्यंत पोहोचला नाही तो दुसऱ्याला वर कसा नेणार?

हा प्रश्न जगभर विचारला गेलाय. इटलीत आरिगो साक्की नावाचा एक गृहस्थ होता. वडिलांचा बुटांचा कारखाना, तिथे काम करायचा आणि गावाकडच्या छोट्या क्लबांत फुटबॉल खेळायचा. खेळाडू म्हणून कुणाच्या खिजगणतीत नाही. १९८७ मध्ये एसी मिलानने त्याला कोच नेमलं तेव्हा पत्रकारांनी हेच विचारलं. साक्कीचं म्हणणं असं होतं की उत्तम घोडेस्वार व्हायला आधी घोडा असावं लागत नाही. पहिल्याच हंगामात मिलानने इटलीची लीग जिंकली, मग १९८९ आणि १९९० असे सलग दोन युरोपियन कप.

पण एवढं लांब इटलीला कशाला जायचं? आपल्याकडे रमाकांत आचरेकर सर होतेच की. सर स्वतः आयुष्यात प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. एकच! आणि शिवाजी पार्कवर त्यांच्या हाताखालून सचिन, विनोद, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित, अमोल मुजुमदार तयार झाले. १९९० मध्ये द्रोणाचार्य, २०१० मध्ये पद्मश्री. जानेवारी २०१९ मध्ये सर गेले. अमोल ज्या शाळेत शिकला तिथला हेडमास्तरच असा होता. त्यामुळे मोठा खेळाडू आणि मोठा गुरू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याला कुणी वेगळं समजावायची गरज नव्हती.

यातला आणखी एक धागा मला फार आवडतो. १९९८-९९ मध्ये मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून चंद्रकांत पंडित रणजीची फायनल बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर हरले. त्यानंतर २३ वर्षांनी, जून २०२२ मध्ये, त्याच मैदानावर ते मध्य प्रदेशचे कोच म्हणून फायनलला आले आणि जिंकले. त्या दिवशी हरलेला संघ होता मुंबई, आणि मुंबईचा कोच होता अमोल मुजुमदार. एका गुरूचे दोन चेले समोरासमोर, आणि एकाचं जुनं दुःख फिटलं ते दुसऱ्याच्या पराभवाने. असंही असतं.

कोच म्हणून अमोलची वाटसुद्धा काही राजमार्ग नव्हती. राजस्थान रॉयल्सचा बॅटिंग कोच. २०१९ मध्ये भारतात आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या संघाचा हंगामी बॅटिंग कोच. ती मालिका आफ्रिका ०-३ हरली. २०२१ मध्ये मुंबईचा कोच, वर सांगितलेली फायनल हरला, पण त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईला पहिल्यांदा सय्यद मुश्ताक अली करंडक मिळवून दिला. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये भारताच्या महिला संघाचा मुख्य कोच. त्याआधी जवळपास वर्षभर त्या संघाला कायमचा मुख्य कोचच नव्हता, मधल्या काळात हृषीकेश कानिटकर काम बघत होता. ज्या वयात बाकीचे जुने खेळाडू कॉमेंट्री बॉक्समध्ये आठवणी सांगत असतात त्या वयात, म्हणजे ४९ च्या उंबरठ्यावर, या माणसाच्या अंगावर पहिल्यांदा भारतीय संघाचे कपडे आले.

आणि या संघाची कथा त्याच्यासारखीच होती. २००५ ची वर्ल्डकप फायनल हरलेली, २०१७ ची लॉर्ड्सवरची नऊ धावांनी हरलेली. डायना एडलजी, शांता रंगास्वामी यांच्यापासूनच्या बायकांनी रिकाम्या मैदानांवर, धावफलकात अर्धी ओळसुद्धा न मिळता क्रिकेट जिवंत ठेवलेलं. रिकाम्या स्टेडियममध्ये मन लावून कसं खेळायचं हे अमोलला कुणी शिकवायला नको होतं, आणि त्या बायकांनाही.

सुरुवात जोरात झाली. डिसेंबर २०२३ मध्ये नवी मुंबईत इंग्लंडला कसोटीत ३४७ धावांनी हरवलं, त्याच महिन्यात वानखेडेवर ऑस्ट्रेलियाला. महिला कसोटीत ऑस्ट्रेलियावरचा तो भारताचा पहिला विजय. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्वेंटी-२० वर्ल्डकपच्या पहिल्याच फेरीत घरी परतावं लागलं. तेव्हा पुतणीचा प्रश्न बऱ्याच मोठ्या माणसांनी विचारला होता.

मग २०२५ चा वर्ल्डकप, आपल्याच देशात. दक्षिण आफ्रिकेकडून हरलो. ऑस्ट्रेलियाने आपल्या ३३० धावा पार केल्या. इंदूरला इंग्लंडविरुद्ध हातात आलेला सामना चार धावांनी घालवला. ओळीने तीन पराभव. मी वैतागून टीव्ही बंद करायला उठलो तर दादा शांतपणे म्हणाला, "२००६-०७."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

इंदूरच्या सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जला बाहेर बसवलं होतं. पुढच्या सामन्यात ती परत आली आणि न्यूझीलंडविरुद्ध नाबाद ७६ केल्या. सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाने ३३८ केल्या आणि जेमिमाच्या नाबाद १२७ आणि हरमनप्रीतच्या ८९ च्या जोरावर आपण ते गाठलं. शेफाली वर्मा तर मूळ संघातच नव्हती. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून बोलावणं आलं आणि फायनलला ८७ धावा नि दोन बळी. दीप्ती शर्माच्या ५८ धावा आणि पाच बळी. २९८ विरुद्ध २४६. ५२ धावांनी विजय.

इथे मला एक गोष्ट सारखी डाचते. जेमिमाला बाहेर बसवायचा निर्णय ज्या खोलीत झाला त्या खोलीत अमोल मुजुमदारही असणारच. ज्याला आयुष्यभर बाहेर ठेवलं गेलं तोच आता दुसऱ्याला 'आज तू नाही' असं सांगणाऱ्यांत. कोच होणं म्हणजे हेच. पंधरा पोरींतून अकरा निवडायच्या, चौघींना रोज पॅड सोडायला लावायचे. जो कधी बाहेर बसलाच नाही त्याला ते बोलणं सोपं जात असेल. ज्याला त्या बसण्याची किंमत ठाऊक आहे त्याला अवघड, पण मला वाटतं, त्याच्या तोंडून ते ऐकणं बहुधा कमी अपमानाचं असेल. आणि जी बाहेर बसलीय ती संपलेली नाही, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही.

तर पुतणीबाई, यासाठी केलं कोच.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच सूर होता : अखेर न्याय झाला, संयमाचं फळ मिळालं. मी पण दादाला तसंच काहीतरी म्हणालो. तो पेपर वाचत होता. (आता पेपर सकाळीच येतो.) म्हणाला, "फळ पोरींना मिळालं, त्यांच्या कष्टाचं. ह्यालाही कोच म्हणून मिळालं. पण ती टोपी राहिली ती राहिलीच की. ते खातं वेगळं."

मी विचार केला तर मला त्याचंच पटलं. २०२५ ने १९९६ ची भरपाई होत नाही. तशी ती होते असं म्हटलं की ज्यांनी त्याला बाहेर ठेवलं त्यांचीच सुटका होते. आणि अमोलच्या कोचगिरीचंही मोल कमी होतं, जणू ती जुन्या जखमेवरचा मलम. ती स्वतंत्र कमाई आहे. एका माणसाच्या वहीत दोन पानं. एकावर ११,१६७ धावा आणि एक रिकामा रकाना. दुसऱ्यावर एक वर्ल्डकप. दोन्ही पानं खरी.

दादाने खेळाचं पान वेगळं काढलं, सवयीने खालचा धावफलक बघितला. शेफाली, स्मृती, जेमिमा, हरमनप्रीत... सगळी नावं होती. कोचचं नाव धावफलकात नसतंच. दादाने तरी ते पान घडी करून जुन्या वहीत ठेवलं. १९९४ च्या कागदाशेजारी.